सोडियमची प्रतिमा : एका अंकाचे दोन अर्थ

चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजेच एमआरआय पद्धतीने, घेतलेल्या नेहमीच्या प्रतिमा हायड्रोजनच्या अणुकेंद्रांपासून मिळतात. त्याच तत्त्वावर शरीरातील सोडियम–२३ या अणुकेंद्रांचीही प्रतिमा घेता येते. तिचे महत्त्व रचनेपेक्षा पेशींच्या कार्याशी अधिक निगडित आहे.

पेशीच्या आत दर लिटरला सुमारे १० ते १५ मिलिमोल सोडियम असते, बाहेर सुमारे १४०. हा भेद राखणारा पंप दर फेरीस तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला म्हणजे ऊर्जेअभावी पंप थांबतो आणि तेथील सोडियम वाढू लागते.

तथापि ही प्रतिमा मिळविणे सुकर नाही. ३ टेस्लाच्या क्षेत्रात हायड्रोजनचे अनुस्पंदन सुमारे १२८ मेगाहर्ट्‌झला होते, सोडियमचे सुमारे ३४ मेगाहर्ट्‌झला. साहजिकच त्यासाठी निराळे वेटोळे लागते. शिवाय संकेत अतिशय क्षीण असून त्याचा बराचसा भाग काही मिलिसेकंदांतच विरतो. त्यामुळे प्रतिमेचा प्रत्येक घटक काही मिलिमीटरांचा ठेवावा लागतो, व त्यात पेशींच्या आतील आणि बाहेरील सोडियमची बेरीजच हाती येते.

खरी अडचण येथेच आहे. उदाहरणादाखल, एखाद्या घटकाचा ८० टक्के भाग पेशींनी व्यापला असून आत १२ व बाहेर १४० मिलिमोल सोडियम आहे असे मानू. सरासरी सुमारे ३८ येईल. आता आतील प्रमाण २० झाले, तर सरासरी ४४ होईल. परंतु आतील प्रमाण तेच राहून पेशींचा वाटा ७५ टक्क्यांवर आला, तरीही सरासरी ४४ च! पहिल्या स्थितीत पेशी संकटात आहेत. दुसरीत केवळ त्यांच्या बाहेरील अवकाश वाढला आहे.

प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र असल्यामुळे येथे अनेकार्थी शब्दाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘कर’ हा शब्द सुटा उच्चारला, तर हात की सरकारी देणे हे ठरत नाही. संदर्भच ते ठरवितो. सांध्यातील कूर्चेत असा संदर्भ बराचसा आयताच मिळतो. तेथे पेशी विरळ असून ऋणभारित रेणू सोडियमला धरून ठेवतात. म्हणून सोडियमची घट ही त्या रेणूंच्या ऱ्हासाची खूण ठरते. मेंदूत मात्र सोडियमच्या अंकाला अन्य प्रतिमांची व रुग्णाच्या लक्षणांची जोड द्यावीच लागते. अंक अचूक असणे आणि त्याचा अर्थ निश्चित असणे या दोन भिन्न गोष्टी होत.