हरभऱ्याच्या मुळाशी

मराठवाड्यातल्या एका शाखेत मी पीककर्जाचे टेबल सांभाळत होतो, तेव्हाची गोष्ट. एका रब्बीत कर्जाबरोबर हरभऱ्यासाठी रायझोबियम जिवाणू-खताची पाकिटे वाटायची ठरली. २५० ग्रॅमचे एक पाकीट १० किलो बियाण्याला पुरते. ती पाकिटे मी शाखेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, युरियाच्या गोण्यांवर, पंधरा दिवस रचून ठेवली. काळी भुकटी ती, तिला काय होणार, अशी माझी समजूत.

दीड महिन्याने एका शेतकऱ्याने हरभऱ्याचे रोप मातीसकट आणून माझ्यासमोर धरले. मुळांवर मोजक्याच गाठी. त्याने नखाने एक फोडली. आत पांढरट-हिरवट.

"साहेब, चांगली गाठ आतून गुलाबी असती. तुमचं खत मेलेलं व्हतं."

त्या संध्याकाळी मी पुस्तके उघडली. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. पण पिकाला तो थेट घेता येत नाही. कारखान्यात त्याचा अमोनिया करायला ४०० अंशांहून अधिक तापमान आणि प्रचंड दाब लागतो. तेच काम हे जिवाणू मुळाच्या गाठीत, मातीच्या साध्या उबेत करतात. रोप त्यांना साखर देते, ते रोपाला नायट्रोजन. गाठीतला गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. तो प्राणवायूला आवर घालतो, नाहीतर नायट्रोजन बांधणारे विकर निकामी होते. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८८ मध्ये या गाठींचे काम सिद्ध केले. त्याच वर्षी हॉलंडमध्ये बायरिंक यांनी ते जिवाणू वेगळे काढले.

म्हणजे त्या पाकिटात भुकटी नव्हती, जीव होते. ऊन लागले की ते मरतात. म्हणून पाकीट थंड जागी ठेवावे, मुदत पाहावी. बियाण्याला बुरशीनाशक आधी लावावे, जिवाणू शेवटी. गुळाच्या पाण्यात कालवून चोळावेत, बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही, ज्याचे त्याला.

आम्ही बँकवाले तारण तपासतो, सातबारा तपासतो. जमिनीतली ही जिवंत ठेव कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्या शेतकऱ्याने कर्ज वेळेवर फेडले. माझ्या नोंदवहीत मात्र त्या पाकिटांपुढे 'वाटप पूर्ण' असेच लिहिलेले राहिले. ते मी तेव्हा खोडायला हवे होते.