कपातीनंतर विद्यापीठ कोणाचे?

कॅलिफोर्नियाच्या १९६०च्या उच्चशिक्षण आराखड्यात राज्यातील मुलांना शिकवणी शुल्क माफ होते. मंदीत सरकारी अनुदान आटले आणि नोव्हेंबर २००९मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने ३२ टक्के शुल्कवाढ मंजूर केली. त्याच्या बर्कली संकुलात विद्यार्थ्यांनी व्हीलर हॉलचा ताबा घेतला. तरीही बर्कली बुडाले नाही, कारण नाव मोठे असले की भरपाईची वाट सापडते. परराज्यांतील आणि परदेशी विद्यार्थी स्थानिकांच्या दुपटीहून जास्त शुल्क भरतात. त्यांची भरती इतकी वाढली की २०१७मध्ये पदवी वर्गांत त्यांच्यावर १८ टक्क्यांची मर्यादा आली. बर्कलीने ती आधीच ओलांडलेली असल्याने तिथला वाटा मात्र तसाच राहू दिला गेला.

ऐपत असलेल्यांकडून जास्त घ्या आणि त्यातून गरिबांना शिकवा, असा यावर युक्तिवाद होतो. तो पोकळ नाही. ठरावीक उत्पन्नाखालील स्थानिक कुटुंबांच्या मुलांचे शिकवणी शुल्क याच विद्यापीठाची ‘ब्लू अँड गोल्ड’ योजना भरून काढते. पण त्या मर्यादेच्या जरा वर असलेल्या मध्यमवर्गाला झळ बसतेच. शिवाय २००५मध्ये उघडलेल्या मर्सेडसारख्या नव्या संकुलाकडे जास्त पैसे मोजून बाहेरचे फारसे कोणी येत नाही. म्हणजे कपात सर्वांना, सावरण्याची सोय मोजक्यांना. नामांकित सार्वजनिक विद्यापीठे टिकतील, गुणवत्ताही राखतील. पण ज्यांच्या करांवर ती उभी राहिली, त्यांच्या मुलांसाठी तिथल्या जागा किती उरतील, हा खरा प्रश्न आहे.