कापसाची पट्टी, सोन्याची रेघ

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असं आपल्या कापसाच्या मुलखात म्हणतात. हिवताप तपासायची किट हातात घेतली की ती म्हण मला आठवते, कारण बोटाएवढ्या त्या प्लॅस्टिकच्या डबीत कापूस आणि सोनं दोन्ही सापडतात. आतली पांढरी पट्टी नायट्रोसेल्युलोजची. कापसातल्या किंवा लाकडातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ती बनते. आणि पट्टीवर उमटणारी रेघ सोन्याच्या कणांची. ते कण इतके बारीक असतात की पिवळे न दिसता लालसर जांभळे दिसतात.

अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की कोरकू वस्त्यांची वाट बंद होते. हिवतापाचा हंगामही तोच. काचपट्टीवर घेतलेलं रक्त दवाखान्यात पोचायचं, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, मग निकाल गावात परत यायचा. यात मोलाचे दिवस जातात. फाल्सिपॅरम जातीचा परजीवी तेवढ्या दिवसांत मेंदूपर्यंत पोचून घात करू शकतो. म्हणून जिथं काचपट्टीचा निकाल २४ तासांत मिळत नाही, तिथं किट वापरावी असा हिवतापाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. फाल्सिपॅरम आणि व्हायव्हॅक्स या दोन्ही जाती ओळखणारी किट २०१३पासून कार्यक्रमात आली आणि आशाताईच्या पिशवीत तिला जागा मिळाली.

आशाताई बोट टोचून सुमारे ५ मायक्रोलिटर रक्त घेते. थेंबाचाही तो लहानसा भाग. ते पट्टीच्या एका टोकाला सोडून वर द्रावणाचे थेंब टाकले की तांबड्या पेशी फुटतात आणि परजीवीची प्रथिनं मोकळी होतात. वाटेत सोन्याचे कण चिकटवलेली प्रतिपिंडं असतात, ती त्या प्रथिनांना धरतात. कंदिलाची वात तेल ओढते तशी पट्टी हे सगळं पुढं ओढत नेते. पुढं पट्टीवर आडवी, घट्ट बसवलेली दुसरी प्रतिपिंडं वाट पाहत असतात. एक रेघ फाल्सिपॅरमचं एचआरपी-२ प्रथिन अडवते, दुसरी व्हायव्हॅक्सचं एलडीएच. अडलेल्या प्रथिनांसोबत सोनंही साचतं आणि डोळ्यांना रेघ दिसते. शेवटची ‘सी’ रेघ फक्त एवढंच सांगते की पट्टी नीट चालली. ती नसेल तर चाचणी रद्द, नवी किट घ्यायची.

कोणती रेघ उमटली यावर औषध ठरतं. व्हायव्हॅक्सला क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस, कारण तो यकृतात दडून राहतो आणि पुन्हा उठतो. ही दडी किटला दिसत नाही. चौदा दिवसांचं औषध मध्येच सुटतं तेव्हा ताप परततो. गरोदर बाईला मात्र प्रायमाक्विन द्यायचं नसतं. फाल्सिपॅरमला आर्टेमिसिनिनवर आधारित औषधांची जोडी लागते.

किटच्या मर्यादा लपवून चालणार नाही. परजीवी फार थोडे असले तर ती चुकते. एचआरपी-२ बरं झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, म्हणून उपचारानंतरची रेघ म्हणजे औषध फसलं असं नव्हे. पेरू देशात तर हे प्रथिन बनवणारं जनुकच नसलेले परजीवी सापडले. २०१०मध्ये ते जगापुढं आलं. आणि आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे ऊन. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपार जातो, आणि किटच्या पाकिटावर साठवणीची मर्यादा बहुधा ३० किंवा ४० अंश लिहिलेली असते. पत्र्याच्या खोलीत महिनाभर पडलेल्या किटवर विश्वास टाकणं मला धोक्याचं वाटतं. पाकीट फोडल्यावर दमट हवेत ती ठेवून देणंही तसंच.

निकाल सांगितलेल्या वेळेतच वाचावा, बहुतेक किटमध्ये पंधरा-वीस मिनिटांनी. फार उशिरा पाहिल्यास खोटी रेघ दिसू शकते. थंडी वाजून ताप आला तर दुकानातून गोळी आणण्याआधी रक्त तपासून घ्या. हिवतापाची रेघ आली नाही तरी ताप उतरत नसेल, तर काचपट्टीची तपासणी मागून घ्या.