स्त्रियांवरील हिंसा आणि समाजमाध्यमांवरील शब्दवाद

स्त्रियांवरील हिंसेची बातमी समाजमाध्यमांवर येताच तिच्या वर्णनातील शब्दांवर वाद सुरू होतो. वरवर हा शब्दच्छल वाटतो. वस्तुतः हिंसेची जबाबदारी कोणाची, हाच त्यातील मूळ प्रश्न असतो.

‘छेडछाड’ या शब्दातील थट्टेच्या छटेमुळे गुन्ह्याचे गांभीर्य उणावते. ‘अब्रू लुटली’ या प्रयोगात लज्जा गुन्हेगाराऐवजी स्त्रीच्या वाट्याला येते. ‘तिच्यावर अत्याचार झाला’ या वाक्यात अत्याचार करणारा दिसतच नाही. ‘त्याने अत्याचार केला’ असे म्हणताच तो समोर येतो. २०१८ साली भारतात ‘मी टू’ मोहिमेने वेग घेतला, तेव्हा अनेक स्त्रियांनी प्रथमपुरुषी निवेदनातून हा लपलेला कर्ता उघड केला.

हा वाद समाजमाध्यमांहून जुना आहे. महाराष्ट्रातील मथुरा खटल्याच्या सर्वोच्च न्यायालयीन निकालावर १९७९ साली उपेन्द्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या कायद्याच्या अध्यापकांनी खुले पत्र लिहिले. ‘संमती’ आणि ‘शरणागती’ हे शब्द एकार्थी नाहीत, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. १९८३ साली बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. २०१३ च्या दुरुस्तीने ‘लैंगिक छळ’ हा दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा ठरला. तथापि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ मध्ये ‘विनयभंगा’ची कल्पना कायम आहे; म्हणजे तेथे हानी मोजली जाते ती स्त्रीच्या शालीनतेच्या मापाने.

‘पीडिता’ या शब्दावरही मतभेद आहेत. काहींना तो दुबळेपणा सूचित करणारा वाटतो, तर काहींच्या मते तो टाळल्यास झालेला अन्यायच पुसट होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या पुस्तिकेने, संबंधित व्यक्तीने पसंती व्यक्त केली असल्यास तिचा आदर करावा, असे सुचविले आहे.

या चर्चेची एक मर्यादाही आहे. ‘त्याने माझी छेड काढली’ असे सांगणाऱ्या विद्यार्थिनीचा शब्द दुरुस्त करू पाहणारा तिला गप्पच करतो. म्हणून महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीने तक्रार तिच्याच शब्दांत नोंदवावी आणि आपल्या अहवालात मात्र कृती व कर्ता स्पष्ट लिहावा. शब्दांची काटेकोर कसोटी लावायची ती तक्रारदाराला नव्हे, संस्थेला.