जुनी लेडीज सायकल घेताना

मुरुडमध्ये शाळा, बाजार, दवाखाना अशा रोजच्या फेऱ्यांना आडवा दांडा नसलेली जुनी लेडीज सायकल फार सोयीची. साडी नेसूनही सहज चढता येतं. रंग उडालेला चालेल. नळ्यांचे जोड आणि पुढचं चाक धरणारा चिमटा मात्र नीट पाहा. तिथे चीर असेल तर घेऊच नका. पायडल मारताना दर फेऱ्याला कटकट होत असेल तर बहुधा पायडलचा दांडा धरणारी कॉटर पिन झिजलेली असते. ती स्वस्तात बदलता येते. बेअरिंगचे छर्रे रॉकेलने धुऊन नवं ग्रीस भरा, चाकाचा आउट (डगमग) काढा. नवा टायर जुन्यावरचा आकडा वाचूनच आणा: २६×१ ३/८ चा टायर २६×१.७५ च्या रिमवर बसत नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये घट्ट बसते, म्हणून टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट ठेवा.