कॉफीशॉपची पाटी

ॲमस्टरडॅममध्ये ‘कॉफीशॉप’ म्हणजे गांजाचं दुकान. नुसती कॉफी हवी तर कॅफे गाठायचा. माझी भाची नोकरीनिमित्त तिकडे निघाली, तेव्हा तिला समोर बसवून नियम सांगितले. गांजा तिथेही कायदेशीर नाही, चालवून घेतात इतकंच. वय १८ पूर्ण हवं, एका वेळी माणशी ५ ग्रॅमच. मे २०२३ पासून रेड लाइट भागात रस्त्यावर ओढला तर १०० युरो दंड.

‘‘मावशी, उरलेला केक घरी आणू?’’ ती हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. गांजा नुसता जवळ सापडला तरी तुरुंगवास होऊ शकतो. कुणी प्रेमानं दिलेलं पुडकंही बॅगेत ठेवू नकोस, म्हटलं. कस्टम्सच्या रांगेत ‘मला ठाऊक नव्हतं’ हे कुणी ऐकून घेत नाही.