बंदुकीचा धक्का : शब्द, शस्त्र आणि शास्त्र

शिकारीच्या बंदुकीची निवड हा विषय भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि या क्षेत्रातील पुष्कळशा चुका शब्दांच्या संदिग्धतेतून उद्भवतात, आणि त्यांची किंमत कधी खांद्याला, कधी जखमी जनावराला, तर क्वचित वाटसरूला द्यावी लागते.

मराठीतील बंदुकीची परिभाषा ही इतिहासाच्या थरांची एक उतरंडच आहे. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ एक कवचीचे फळ व त्यावरून गोळी असा होता. ‘दस्ता’ फारसी, ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ पोर्तुगीज, ‘फैर’ व ‘रायफल’ इंग्रजी. देशी मनाने मात्र या परक्या यंत्राला प्राण्याची अंगे बहाल केली : त्याला कान आहे, घोडा आहे आणि नेमासाठी माशीही आहे. ‘नेम’ हा शब्द तर ‘नियम’ या संस्कृत शब्दाचेच रूप होय. व्रताचा नेम आणि बंदुकीचा नेम यांचे मूळ एकच आहे.

सर्वांत घातक संदिग्धता ‘बोअर’ या शब्दाची. ‘३१५ बोअर’ म्हणताना आकडा इंचाच्या सहस्रांशांचा असतो. म्हणजे नळीचा व्यास सुमारे ८ मिलिमीटर. ‘बारा बोअर’मधील बारा मात्र नळीत बसणाऱ्या शिशाच्या गोळ्यांची संख्या आहे : अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास येतो. एका प्रकारात आकडा वाढला की नळी रुंदावते, दुसऱ्यात अरुंद होते. आकड्यावरून शस्त्राच्या ताकदीचा अंदाज बांधणारा नवशिका येथे हमखास फसतो.

‘धक्का’ या शब्दाचेही तसेच आहे. शास्त्रीय लेखनात ज्यास ‘प्रतिक्षेप’ म्हणतात तो, शस्त्राचा मागे येण्याचा वेग, आणि खांद्याला जाणवणारी वेदना, या तिन्हींना बोलीत एकच नाव आहे. हिशेब न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा. ३०३ रायफलीची गोळी ११.३ ग्रॅमची, ती सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने बाहेर पडते. सोबत जळलेल्या दारूचा वायूही वेगाने निघतो. या दोहोंच्या संवेगाची भरपाई म्हणून चार किलोची रायफल सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास वेगाने मागे येते. तिची ऊर्जा अंदाजे १६ ज्यूल. तेच काडतूस तीन किलोच्या रायफलीत घातले तर ही ऊर्जा २१ ज्यूलपर्यंत चढते. डोंगर चढताना हलकी वाटणारी बंदूक बार उडताना जड पडते, ती अशी. बारा बोअरमध्ये बत्तीसेक ग्रॅम छर्रे ३७० मीटर वेगाने सुटतात आणि तीन किलोच्या बंदुकीचा धक्का तीस ज्यूलच्या वर जातो. म्हणजे ज्या साध्या नळीच्या बंदुकीला सौम्य समजले जाते ती रायफलीहून अधिक जोराने खांद्यावर आदळते.

येथे एक बाब फारशी कोणी ध्यानात घेत नाही. गोळी नळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत रायफल जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकलेली असते. धक्क्याचा मुख्य भाग खांद्याला जाणवतो तेव्हा गोळी निघून गेलेली असते. त्या दोन मिलिमीटरांत नळी किंचित उचलते खरी, पण ती चूक प्रत्येक बारास जवळपास सारखीच असते व दुर्बीण किंवा माशी जुळवताना आपोआप हिशेबात येते. तेव्हा नेम चुकवतो तो धक्का नव्हे. धक्क्याची धास्ती होय. डोळा मिटतो, खांदा पुढे ढकलला जातो, चाप झटक्याने ओढला जातो, आणि हे सारे बार उडण्याआधी. चाचणी सोपी आहे : दुसऱ्याने बंदूक भरावी, मध्येच एखादे नकली काडतूस न सांगता घालावे. बार न उडता नळी खाली झुकली, की दोष कोठे आहे ते कळते.

उपायही यावरूनच ठरतात. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवावा. सैल धरल्यास बंदूक मोकळी धावून आदळते, घट्ट धरल्यास शरीराचे वस्तुमान तिच्यात मिळते. दस्त्याची लांबी हाताला बेताची असावी, टोकास रबराची गादी असावी. दुर्बीण डोळ्यापासून चार बोटे तरी दूर असावी, नाहीतर भुवई फुटते. कानांचे संरक्षण अपरिहार्य आहे, कारण धास्तीचा निम्मा वाटा आवाजाचा असतो. नळीच्या तोंडाशी बसणारी धक्कारोधक जोडणी ऊर्जा घटवते, पण आवाज शेजाऱ्याच्या कानावर लोटते; तिची शिफारस करवत नाही. सराव पॉइंट टू टू रायफलीवर सुरू करावा. पाच किलोच्या अशा रायफलीचा धक्का एका ज्यूलच्या दशांशाहूनही कमी असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो याच काडतुसाचा.

आता निवडीचा प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपवला. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्यासही लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो तो वेगळाच. ३०३ हे सैनिकी माप नागरिकांस निषिद्ध असल्याने ईशापूरच्या कारखान्याची ३१५ स्पोर्टिंग रायफल तिच्या जागी आली. केवळ जनावराचा विचार केला तर रानडुकरास ती पुरेशी आहे.

परंतु पौड रस्त्यावर भूगावपलीकडे असलेल्या भुकूमसारख्या गावी विचार एवढ्यावर थांबत नाही. एकेकाळी डोंगराच्या पायथ्याची भातखाचरे असलेल्या या पट्ट्यात आता खाचरालगत गृहसंकुले उभी आहेत. ३१५ ची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटरपर्यंत प्राणघातक राहू शकते. तेवढ्या अंतरात येथे वस्तीवाचून दिशा सापडणे कठीण. बारा बोअरचे छर्रे काही शेकडो मीटरांत निस्तेज होतात. यास्तव रीतसर परवानगी मिळालेल्या शेतकऱ्याने अशा ठिकाणी अधिक धक्का देणारी साधी नळीच पत्करावी, जनावर चाळीसेक पावलांच्या आत येईपर्यंत चापाला बोट लावू नये, आणि त्यामागे बांध किंवा टेकाड नसेल तर बार टाकूच नये. ती वजनदार असावी. साडेतीन किलोची मिळाल्यास तीनच्या बंदुकीकडे पाहू नये. खाचराच्या बांधावर बसून राहणाऱ्याला अर्धा किलो वजनाचा भार होत नाही.